घागरीने मोजा

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. मांजरा धरण कोरडं होतं आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत बोअरची चढाओढ चालली होती. एकाने पाचशे फूट घेतला की दुसरा सहाशेवर जायचा. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. नुसतं खोल गेल्याने ते लागतंच असं नाही. बऱ्याच घरांच्या पैशांचा धुरळा झाला, आमच्याही.

मग टँकर आणि पिंपं. नळाखाली किती पाणी जातं ते दिसत नाही, पिंप मात्र डोळ्यांदेखत खाली जातं. त्या पिंपांनी जे शिकवलं, ते सांगते.

अंघोळ मोठ्या घमेल्यात बसून करा. ते पाणी संडासात ओतायला पुरतं. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला. भांड्यांचं खरकटं आधी पुसून काढा, मग घासा, आणि वाहत्या नळाऐवजी दोन टोपांत विसळा.

नळ आला की कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतायची आपली खोड मोडा. झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी रात्रीत नासत नाही. झाकण मात्र घट्ट हवं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवतो. आमच्या गल्लीत टंचाईच्या मागोमाग ताप आला होता. आठवड्यातून एकदा पिंप तळाला गेलं की आतून घासून कोरडं करा.

गच्चीकडेही बघा. सातशे मिलिमीटर पाऊस झाला, तर हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्या. पुढचं वाळू-खडीच्या गाळणीतून शोषखड्ड्यात जिरवा. नव्या बोअरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरलं. पिंपं माळ्यावर गेली आणि गल्लीत पुन्हा पाइप लावून गाड्या धुणं सुरू झालं. खरी परीक्षा तेव्हाच असते. टंचाईत काटकसर कोणीही करतो. म्हणून धरण भरलेलं असताना एक दिवस घरातले नळ बंद ठेवा आणि सगळं पाणी घागरीने मोजून वापरा. रात्री घागरींचा हिशेब मांडला, की कुठे कमी करायचं हे कुणाला सांगावं लागणार नाही.