शर्यतीतून सडकेवर

मोटारसायकलला आरसा कशासाठी असतो? मागची गाडी दिसावी म्हणून. हे लहान पोरही सांगेल. पण असाच एक आरसा मोटारींच्या शर्यतीत गाजला, हे किती जणांना ठाऊक आहे?

"गुरुजी, त्या शर्यतीचं आपल्याले काय करा लागते?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज पाहू.

आपल्या वऱ्हाडात शंकरपट भरतो. शेतात वर्षभर टिकलेले जू पटावर एका दमात मोडू शकते. कच्चे काय आणि पक्के काय, ते तेथे लगेच कळते. मोटारींच्या शर्यतीचेही तसेच आहे. रोजच्या वापरात जो दोष कळायला वर्षे लागतील, तो तेथे काही तासांत उघडा पडतो. मग कारागीर तो दुरुस्त करतात. सुधारलेली वस्तू पुढे आपल्या गाडीत येते.

आरसा

१९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची शर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत दोघे बसत. एक गाडी चालवी, दुसरा मागे पाहून सांगे. रे हॅरून मात्र एकटाच बसला. इतरांनी तक्रार केली. त्याने समोर एक आरसा बसवला. तसा आरसा त्याने पूर्वी घोडागाडीवर पाहिला होता. रस्ता विटांचा होता. आरसा इतका थरथरे, की त्यात नीट दिसत नसे, असे त्यानेच पुढे सांगितले. पण शर्यत त्याने जिंकली, आणि आरशाची युक्ती लोकांच्या ध्यानात राहिली.

ब्रेक

जुन्या ब्रेकमध्ये चाकाच्या आत एक बंद ड्रम असतो. ब्रेक दाबला की आतले पट्टे ड्रमला घासतात. घासले की तापतात. उष्णता लवकर बाहेर पडत नाही. फार तापले की ब्रेक नीट लागत नाही.

डिस्क ब्रेकची चकती उघडी असते. फिरती थाळी दोन बोटांत धरावी, तशी ती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. तिला वारा लागतो. म्हणून ती लवकर थंड होते.

ही कल्पना जुनीच होती. पण ती टिकेल का? १९५३ साली फ्रान्समध्ये ल मान्स येथे २४ तासांची शर्यत झाली. डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने ती जिंकली. तिचा सरासरी वेग ताशी १६० किलोमीटरांहून जास्त होता. १९५७ पासून जग्वारच्या विकायच्या गाडीलाही तसे ब्रेक मिळू लागले. आज आपल्या गावातल्या किती तरी मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाला ती चकती दिसते.

विजेची गाडी

महिंद्रा कंपनीची जीप आणि ट्रॅक्टर आपल्याला माहीत आहेत. ही मुंबईची कंपनी २०१४ साली विजेच्या मोटारींच्या शर्यतीत उतरली. या शर्यतीचे नाव फॉर्म्युला ई.

पहिल्या काही वर्षांत एक बॅटरी शर्यत संपेपर्यंत पुरत नसे. चालक मध्येच उतरून दुसऱ्या गाडीत बसे. डिसेंबर २०१८ पासून एकच गाडी शेवटपर्यंत पुरू लागली. या गाड्या ब्रेक लावताना वाया जाणारा जोर विजेत बदलून बॅटरीत परत घालतात. विजेच्या आगगाडीत ही युक्ती जुनीच आहे. शर्यतीत तिची कसून परीक्षा झाली. २०२३ पासूनच्या गाड्या शर्यतीला लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ४० टक्के वीज अशी परत मिळवतात.

महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणला बनणाऱ्या विजेच्या नव्या मोटारी दाखवल्या. ब्रेकमधून वीज परत घेण्याची सोय त्यांतही आहे.

काय घ्यावे, काय सोडावे

सगळेच काही शर्यतीतून आले नाही, बरं का. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने मोटारीत आणला. तो माणसांचे जीव वाचावेत म्हणून आला.

आता आपल्याकडे पाहा. कित्येक तरुण नव्या मोटारसायकलचे आरसे काढून घरी ठेवतात, आणि तेल्हारा-अकोट रस्त्यावर गाडी भरधाव सोडतात. म्हणजे शर्यतीतला वेग घेतला आणि आरसा टाकून दिला! शर्यतीचा रस्ता बंद असतो. तेथे समोरून बैलगाडी येत नाही. चालकाच्या डोक्याला शिरस्त्राण असते. डॉक्टर जवळच उभा असतो. आपल्या रस्त्यावर यातले काय आहे?

म्हणून आरसे लावा. डोक्याला हेल्मेट घाला. ब्रेकचे तेल वेळेवर तपासून घ्या. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. शर्यतीत पहिला येणाऱ्याला बक्षीस मिळते. आपल्याला घरी सुखरूप पोचायचे आहे.

प्रश्न

१. रे हॅरूनने गाडीला आरसा का लावला?
२. डिस्क ब्रेक लवकर थंड का होतो?
३. तुमच्या घरच्या गाडीचे आरसे आणि ब्रेक आज पाहा. काय आढळले ते दोन ओळींत लिहा.