चमचाभर मीठ

"कॉम्प्युटर नको म्हणतोय. शेती-मातीत काही राम आहे का हो?" मुलाच्या निकालानंतर पालकांकडून हा प्रश्न येतोच. तेव्हा मी टेबलाच्या खणातून बाळाचं डायपर काढतो.

डायपर फाडून आतली पांढरी भुकटी ग्लासात टाकायची, वर पाणी ओतायचं. मिनिटभराने ग्लास उपडा केला तरी थेंब सांडत नाही. मग चमचाभर मीठ घालून ढवळायचं. घट्ट जेली पाहता पाहता पातळ होते. आईवडील हसतात. माझं लक्ष मुलाकडे असतं.

मातीत ओल धरणाऱ्या जेलचं तंत्र हेच. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेने 1970च्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून 'सुपर स्लर्पर' बनवला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून 'पुसा हायड्रोजेल' तयार केलं. हेक्टरी अडीच ते पाच किलो, मुळांच्या आसपास. वजनाच्या साडेतीनशे पट पाणी धरतं म्हणतात, पण तो आकडा शुद्ध पाण्यातला. बोअरचं मचूळ पाणी, चुनखडीची किंवा क्षारपड जमीन असली की ग्लासातल्या मिठाचाच खेळ. शिवाय पावसाने ओढ दिली तर जेल ओल चार दिवस जास्त टिकवेल. पाऊसच नसेल तर धरणार काय?

म्हणून इथे माणसं लागतात. क्षारातही फुगणारं, नंतर मातीत कुजून जाणारं आणि कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारं जेल बनवणारा रसायनतज्ज्ञ हवा. आणि ते कुठल्या जमिनीत चालेल, कुठे पैसे वाया जातील, हे बांधावर उभं राहून सांगणारा मृदाशास्त्रज्ञ हवा. दोन्ही कळणारी माणसं मला फार कमी भेटली.

वाटा सरळ आहेत. गणित आवडत असेल तर सीईटी देऊन माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमरचं बी.टेक. नाहीतर बी.एस्सी. ॲग्री करून राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीला मृदाशास्त्रात एम.एस्सी. संशोधनात जायचं तर पुढे पीएच.डी., म्हणजे घरच्यांनी बरीच वर्षं धीर धरायचा. नुसत्या पदवीवर पहिली नोकरी बहुधा खतं-औषधं विकण्याची, मोटारसायकलवरची. हे आधीच सांगितलेलं बरं.

फॉर्म भरण्याआधी एक करा. घरी तीन ग्लास मांडा: नळाचं पाणी, बोअरचं, मिठाचं. प्रत्येकात सारखीच भुकटी टाका आणि बाजूला व्हा. मोजायला वही मुलाने स्वतःहून काढली, तर पुढच्या शनिवारी त्याला घेऊन या.