शिसं मोजताना

पाण्यातलं शिसं विद्युतरासायनिक सेन्सरने मोजायला नवीन पोरं आली की त्यांना ग्राफीनची घाई असते. त्यांना सांगतो ते असं.

१. आधी घासा. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड कापडावर अल्युमिनाच्या लगद्यात इंग्रजी आठ गिरवत घासायचा. भुकटी आधी १ मायक्रॉनची, मग ०.३, शेवटी ०.०५. नंतर फेरीसायनाइडमध्ये तपासणी. दोन शिखरांमधलं अंतर तत्त्वतः ५९ मिलिव्होल्ट. ८०च्या आत आलं तर पुढे जा, शंभर ओलांडलं तर परत कापडावर.

२. ग्राफीनची शाई कमीच टाका. जास्त झाली की थर तडकतो, धुताना पापुद्रा निघून येतो.

३. बिस्मथला नाकं मुरडू नका. हेरोव्हस्कींना १९५९चं नोबेल मिळालं ते पाऱ्याच्या थेंबावरच्या कामासाठी. आम्हीही पाराच वापरायचो, पण तो विषारी. २००० साली जोसेफ वांग यांच्या गटाने बिस्मथचा पातळ थर पुढे आणला आणि आमची त्यातून सुटका झाली. शिसं आणि बिस्मथ इलेक्ट्रोडवर एकत्र बसवायचं, मग व्होल्टेज हळूहळू चढवायचं. कॅडमियम उणे ०.८ व्होल्टच्या आसपास सुटतं, शिसं त्यानंतर. ग्राफीन फक्त जागा वाढवून देतं. शोधनिबंधाच्या शीर्षकात मात्र तेच मिरवतं!

४. नदीचं पाणी आणा. शुद्ध पाण्यात सगळेच सेन्सर हुशार असतात. शहराखालच्या मुठेचं पाणी घातलं की शिशाचं तेच शिखर खुजं होतं. साबणाचे रेणू पृष्ठभागाला चिकटतात, कुजक्या पाल्यापाचोळ्यातले पदार्थ शिशाला धरून ठेवतात, आणि तांबं असेल तर ते बिस्मथची जागा बळकावतं. तांब्यावर फेरोसायनाइडचा उतारा चालतो. बाकीच्यासाठी शुद्ध पाण्यातला आलेख बाजूला ठेवायचा. त्याच नमुन्यात माहीत असलेलं शिसं टप्प्याटप्प्यानं घालायचं आणि शिखर दर वेळी किती वाढतं त्यावरून मूळचं काढायचं. वेळखाऊ आहे, पण माझा भरवसा यावरच.

५. बाटली प्लास्टिकची, रात्रभर नायट्रिक आम्लात ठेवलेली. काचेला शिसं चिकटतं.

६. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. त्याचा हजारावा भाग ओळखतो म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: उद्या, दुसऱ्याने बनवलेल्या इलेक्ट्रोडवर, या मर्यादेजवळचा आकडा पुन्हा तोच येईल? सांगता येत नसेल, तर तोच नमुना आयसीपी-एमएस यंत्रावर तपासायला पाठवायचा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायचे.