पाऊस, थंडी आणि धारूरचा घाट

सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण बाईकवरच गावाकडे निघतात. माझं गाव धारूर, बालाघाटाच्या डोंगरावर. माजलगाव-तेलगावकडून येताना शेवटी घाट चढावा लागतो. हिवाळ्यात अवकाळी पावसाने गाठलं तर घाटापर्यंत बोटं बधिर झालेली असतात, आणि पुढचा ब्रेक तर बोटांनीच दाबायचा असतो! ताशी 40 किमी वेगात बाईक सेकंदाला 11 मीटर जाते. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तर साडेपाच मीटर गेले. वळणावर तेवढे पुरतात.

आता थोडं थर्मोडायनॅमिक्स. ओल्या शर्टातलं 100 ग्रॅम पाणी वाऱ्याने सुकताना साधारण 240 किलोज्यूल उष्णता घेतं. ती सगळी नाही, पण बरीचशी आपल्या अंगातूनच जाते. स्वस्थ बसलेलं शरीर सुमारे 100 वॅट उष्णता तयार करतं. म्हणजे हिशोबाने 40 मिनिटांची कमाई एका शर्टात!

म्हणून तयारी अशी करा:

1. रेनकोट भिजण्याआधी घाला.
2. आत लोकरीचा स्वेटर असू द्या. ओलं सूत ऊब धरत नाही.
3. छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, वारा अडतो.
4. हातमोज्यांचा कोरडा जोड बॅगेत ठेवा.
5. टायर, ब्रेक, चेन आणि हेडलाइट आदल्या दिवशीच बघा.

घाटाआधी थांबा, चहा घ्या, हात चोळा. अंग थरथरू लागलं, बोलणं अडखळलं तर पुढे जाऊच नका. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की जिवावर बेतू शकतं. सरळ घरी फोन करा, "उशीर होईल." आई रागावेल, पण जेवण गरम करून ठेवेलच.