लेबल पिवळं पडतंय? आधी कारण शोधा, मग खिशात हात घाला

बरणीतल्या मेणबत्तीचं लेबल दोन-तीन महिन्यांत पिवळं पडलं की प्रिंटिंगवाल्याचा सल्ला ठरलेला असतो : लॅमिनेशन मारून घ्या. शीटमागे दहा-वीस रुपये वाढतात, पुढची खेप चकचकीत दिसते आणि काही दिवसांनी तीच तक्रार परत येते. लॅमिनेशन बाहेरचं पाणी आणि हाताचा तेलकटपणा अडवतं. पिवळेपणा मात्र बहुतेक वेळा आतून येतो, म्हणजे कागदातून, गोंदातून किंवा बरणीतल्या सुगंधातून. वरून प्लास्टिक चढवलं तरी आतलं काम चालूच राहतं.

नागपूरजवळच्या कामठीत हे सगळं जरा लवकर घडतं, आणि त्याचं कारण सांगायला हवामान खात्याची गरज नाही. तरी आकडा द्यायचा तर नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला होता. (मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. तो सेन्सरचा दोष निघाला, पण त्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्याला आकडा खोटा वाटणं अवघडच.) बरणीत ओतायचं सोया मेण साधारण ४६ ते ५४ अंशांच्या दरम्यान वितळतं. म्हणजे टिनाच्या शेडमध्ये ठेवलेली मेणबत्ती मेमध्ये वितळण्याच्या उंबरठ्यावरच असते. मेण मऊ झालं की त्यातलं सुगंधी तेल वर येतं, झाकणाच्या फटीतून काठावर येतं आणि तिथून लेबलाच्या वरच्या कडेत मुरतं. इथला हंगामही असा की अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीसाठी लोक येतात, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जातात, मेणबत्त्या-अगरबत्त्यांचे स्टॉल लागतात, पाठोपाठ दिवाळी येते. त्यातून उरलेला माल सरळ उन्हाळ्यात जातो.

पैसे काढण्याआधी पिवळेपणा कसा दिसतो ते नीट पाहा. कडेकडेने तपकिरी, चिकट रेघ आली असेल आणि तिला धूळ चिकटत असेल तर दोष गोंदाचा. वरच्या कडेपासून खाली उतरणारा, उजेडात धरला तर आरपार दिसणारा डाग म्हणजे तेल. दुकानात उजेडाकडे असलेली बाजू पिवळी आणि मागची पांढरी असेल तर उजेडाने कागद खाल्लाय. सगळं लेबल सारखं तपकिरी झालं, खोक्यात बंद असलेल्या बरणीचंसुद्धा, तर सुगंधाची वाफ धरा. आणि एमआरपीचं किंवा बॅच नंबरचं स्टिकर पिवळं न होता काळपट पडलं किंवा अक्षरंच उडाली, तर तो थर्मल कागद आहे. उष्णतेने काळा पडणं हाच त्याचा धर्म, आणि तेल लागलं की छपाई पुसट होते. कुरियरवाल्याकडे दिसणारा हा कागद बरणीवर लावूच नये. बॅच नंबर रिबनवाल्या प्रिंटरवर काढावा किंवा पक्क्या मार्करने लिहावा.

संशय राहिला तर एक चाचणी घरी होते आणि तिला जवळजवळ काही खर्च नाही. एकाच शीटमधली चार लेबलं घ्या. एक रिकाम्या बरणीवर लावून उन्हाच्या खिडकीत ठेवा, दुसरं रिकाम्या बरणीवर लावून कपाटात. तिसरं भरलेल्या बरणीवर लावून बंद डब्यात. चौथं नुसतंच, सुगंधी तेलात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यासोबत दुसऱ्या बंद डब्यात, पण बोळा त्याला टेकू न देता. दोन-तीन आठवडे थांबा; उन्हाळा असेल तर लवकर कळतं. फक्त खिडकीतलं पिवळं पडलं तर उजेड, कपाटातलंही पडलं तर कागद किंवा गोंद, फक्त डब्यातली दोन पडली तर सुगंध. एवढं कळल्याशिवाय नवी छपाई टाकण्यात अर्थ नाही.

सुगंधाच्या बाबतीत मुख्य आरोपी व्हॅनिलिन. व्हॅनिला, कॉफी, कॅरमेल, चॉकलेट अशा गोड वासांमध्ये ते असतं आणि हवेशी संपर्क आला की तपकिरी होतं. साबणाची वडी तपकिरी होते तशीच त्याची वाफ कागदाला रंगवते. आपल्याकडे मोगरा-चमेलीचा खप मोठा. त्या वासातलं इंडोलही रंग बदलतं. लवंगेतलं युजेनॉल त्याच पंगतीतलं. संत्र्या-लिंबाच्या वासातलं लिमोनीन रंग बदलण्यापेक्षा गोंद आणि शाई सैल करण्यात पटाईत असतं, आणि नागपूरच्या नावाने विकायच्या मेणबत्तीला संत्र्याचा वास टाळणार तरी कसा? तेल विकणाऱ्याकडून व्हॅनिलिनचं प्रमाण विचारून घ्या. चांगला पुरवठादार ते सांगतो. शून्य किंवा एक टक्क्याच्या खाली असेल तर लेबलाची काळजी कमी. जास्त असेल तर त्या वासाला पांढरं लेबल देऊच नका. खाकी किंवा बदामी जमिनीवर तपकिरी-काळी छपाई करा. पिवळं पडायला तिथे पांढरं काही उरत नाही. मला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय वाटतो. व्हॅनिला स्टॅबिलायझर म्हणून एक द्रव मिळतो, त्याने रंग बदलणं लांबतं, थांबत नाही. मेणात घालायची यूव्ही पावडर मेणाच्या रंगासाठी असते. लेबलाला तिचा काही उपयोग नाही.

आता कागद आणि गोंद. प्रिंटिंगच्या दुकानात स्टिकर मागितलं की हातात येतो तो क्रोमो, एका बाजूने चकचकीत कागद. तो वाईट नाही, पण कागदच आहे, तेल पितो. त्याची पांढरी झाक बरीचशी कागदात घातलेल्या चमकद्रव्याची असते आणि उजेडाने ती झाक मरते. मग कागद पिवळा ‘पडलेला’ नसतो, त्याचा मूळ रंग उघडा झालेला असतो. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च दीड-दोनशे रुपयांत मिळतो. तो अंधारात कागदावर मारा. निळसर झळाळला तर हे द्रव्य भरपूर आहे आणि शोकेसमध्ये ठेवायच्या मालाला तो कागद नको. वर्तमानपत्राच्या जातीचा, लाकूड न शिजवता दळून केलेल्या लगद्याचा कागद तर लिग्निनमुळे पिवळा होणारच, आणि साबणासारखी अल्कली लागली की आणखी लवकर.

कागदाऐवजी प्लास्टिकची शीट घ्यायची तर दुकानदार दोन्हीला ‘न फाटणारं’ म्हणतो, पण पीव्हीसी वेगळं आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) वेगळं. पीव्हीसी उन्हाने व उष्णतेने पिवळं पडतं, आणि त्यात मऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांची सुगंधी तेलाशी देवाणघेवाण होऊन ते सुरकुततं. पांढरं पीपी या दोन्हींत सरस. ओळखायची युक्ती सोपी आहे : तुकड्याची मागची पट्टी काढा, गोंदाच्या बाजू आत घेऊन दुमडा आणि हवेचा बुडबुडा राहू न देता पाण्यात बुडवा. पीपी वर येतं, पीव्हीसी तळाशी जातं.

गोंदाबद्दल दुकानात संवाद साधारण असा होतो.

‘भाऊ, गम कोणता आहे याचा?’

‘वॉटरप्रूफ आहे ताई, निघणारच नाही.’

हे उत्तर नाही. रबरी हॉटमेल्ट गोंद पटकन धरतो, स्वस्त पडतो, पण उष्णतेने वाहतो आणि हवेने पिवळा होतो. अ‍ॅक्रिलिक गोंद धरायला एक दिवस घेतो, मात्र वर्षानुवर्षं पारदर्शक राहतो. जुन्या गुणपत्रिकेवर लावलेला सेलोटेप आठवा, कागदापेक्षा टेपच जास्त पिवळा दिसतो. तो गोंदाचाच प्रताप. म्हणूनच लेबलावरून घरचा टेप मारून ‘लॅमिनेशन’ करण्याचा मोह टाळा. विचारायचं ते नेमकं विचारा : अ‍ॅक्रिलिक की हॉटमेल्ट? दुकानदाराला माहीत नसेल तर शीटच्या मागच्या पट्टीवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव बहुतेकदा छापलेलं असतं, त्यावरून कळतं. कोरी पट्टी असलेली, नाव-गाव नसलेली शीट मी घेणार नाही, दोन रुपये कमी असली तरी.

आता हिशेब. पुढचे भाव अंदाजाचे आहेत. दुकान, संख्या आणि हंगाम यांप्रमाणे ते हलतात, लग्नसराईत तर जास्तच. डिजिटल रंगीत छपाईसह १२ बाय १८ इंची क्रोमो शीट साधारण २० ते ४० रुपये, पीपी शीट ४० ते ८०, लॅमिनेशन १० ते २०, हाफकट म्हणजे लेबलं सोलून निघतील अशी कापणी १० ते २०. पाच बाय सात सेंटिमीटरचं लेबल धरलं तर एका शीटवर ३२ बसतात. क्रोमो ३० अधिक हाफकट १० असे ४० रुपये, म्हणजे लेबल सव्वा रुपयाला. त्यावर १५चं लॅमिनेशन घेतलं तर एक रुपया बहात्तर पैसे. पीपी ६० अधिक हाफकट १०, म्हणजे दोन रुपये एकोणीस पैसे. साध्या क्रोमोऐवजी पीपी घ्यायचं तर बरणीमागे ९४ पैसे जास्त, शंभर बरण्यांना ९४ रुपये. लॅमिनेटेड क्रोमोशी तुलना केली तर फरक ४७ पैशांचाच. अडीचशे-तीनशेला विकायच्या बरणीवर हा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही, कारण दुकानदाराने पिवळ्या लेबलाच्या दोन बरण्या जरी परत पाठवल्या तरी शंभर बरण्यांवरची बचत गेली. पीपीवर शाई घासून निघत असेल तरच लॅमिनेशन घ्या.

उलट, सुगंधी तेल न वापरलेल्या साध्या पूजेच्या मेणबत्त्यांच्या पुड्यावर पीपी लावणं उधळपट्टी आहे. त्या महिन्याभरात खपतात. तिथे क्रोमो पुरे.

गोल लेबल हवं असेल तर शीटवर जागा वाया जाते, दर वाढतो, चौकोनी स्वस्त. रोलवर छपाई करणाऱ्यांकडे लेबलाचा दर बराच उतरतो, पण तिथे कापायचा डाय आणि छपाईचा ब्लॉक यांचा वेगळा खर्च आणि हजारांनी ऑर्डर लागते. वर्षाला पाचशे बरण्या करणाऱ्या बचत गटाने त्या वाटेला जाऊ नये. कामठीतल्या दुकानांत लग्नपत्रिका, बॅनर, क्रोमो सहज होतं. पीपी शीट ठेवत नसतील तर नागपुरात सीताबर्डी किंवा गांधीबाग-इतवारीकडे चौकशी करावी लागते. जाण्याआधी फोनवर विचारा आणि एका शीटचा नमुना घेऊन वरची चाचणी करूनच बाकीची टाका.

लावण्याची पद्धतही अर्धं काम करते. बरणी ओतल्यावर पूर्ण गार होऊ द्या, एक दिवस थांबा. बाहेरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अर्धा लिटरची बाटली दीडशे-अडीचशेत येते आणि शेकडो बरण्यांना पुरते. ज्या हाताने सुगंधी तेल मोजलं त्या हाताने लेबल लावू नका. लेबल वरच्या काठापासून दोन बोटं खाली ठेवा, झिरपलेलं तेल तिथवर सहसा पोचत नाही. सुगंधाचं प्रमाण मेण झेपेल तेवढंच, सोयाला साधारण ६ ते १० टक्के. जास्त घातलेलं तेल वासाऐवजी लेबलातच जातं. मेणबत्त्यांसोबत केसांचं तेलही विकत असाल आणि त्याच्या बाटलीचं लेबल गळ्याकडून पिवळं होत असेल तर दोष लेबलाचा नाहीच, आतल्या प्लगचा आहे. तो काही पैशांना मिळतो.

साबणाचं प्रकरण निराळं. हाताने बनवलेला साबण महिना-दीड महिना वाळतो, त्याचा सामू (पीएच) ९ ते १० असतो, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि आषाढ-श्रावणात वडीला घाम फुटतो. अशा वडीवर थेट स्टिकर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आत बटर पेपर किंवा पातळ पीपी फिल्म, वर मॅपलिथोची, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाची पट्टी आणि लेबल त्या पट्टीवर, म्हणजे वडीमागे दोन-तीन रुपयांत काम होतं. देखणं आवरण हवं असेल तर सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद घ्या. त्यात लिग्निन जवळजवळ नसल्याने तो टिकतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हा कागद बनवते. महाग पडतो, तेल पितो, तेव्हा बटर पेपरवरूनच वापरायचा. नारंगी ठिपके मात्र साबणातल्या तेलाच्या खवटपणाचे असतात, कोणताही कागद त्यावर इलाज नाही.

लेबल वाचता येणं हा कायद्याचाही विषय आहे. वैध मापन शास्त्राच्या २०११च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क स्पष्ट दिसला पाहिजे. ही माहिती बदलण्यासाठी वरून वेगळं स्टिकर चिकटवायला मनाई आहे. किंमत कमी करायची असेल तरच सूट, तीही जुनी किंमत न झाकता. तेव्हा पिवळं लेबल बदलायचं तर जुनं पूर्ण काढून तीच माहिती असलेलं नवं लावा. हेअर ड्रायरची गरम हवा दिली की गोंद सुटतो, उरलेला अल्कोहोलने जातो. साबण, तेल, लोशन ही सौंदर्यप्रसाधनं ठरतात. विक्रीसाठी बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि परवाना क्रमांक, बॅच, घटक लेबलावर यावे लागतात. म्हणजे साबणाच्या लेबलाला जागा जास्त लागणार. हिशेब करताना शीटवर ३२ऐवजी वीस-बावीसच बसतील असं धरा.

छापून ठेवलेल्या शीटही म्हाताऱ्या होतात. पंख्याच्या खोलीत, सपाट, प्लास्टिकच्या पिशवीत, उजेडापासून लांब ठेवा. गच्चीखालच्या माळ्यावर नको, तिथे गोंद कडेने बाहेर येतो. दर स्वस्त पडतो म्हणून दोन वर्षांची लेबलं एकदम छापून घेऊ नका. दसरा-दिवाळीपुरती छापा, आणि उन्हाळ्यात विकायच्या मालासाठी फेब्रुवारीत वेगळी खेप टाका.