भारताचा फुटबॉल संघ : दंतकथा आणि हकीकत

मधल्या सुटीच्या वेळीं शाळेच्या मैदानाच्या कडेला घटकाभर उभें राहिलें असतां एक गोष्ट बहुधा कानीं पडतेच. १९५० सालीं आपला संघ जागतिक चषकाच्या सामन्यांसाठीं ब्राझिलला जावयाचा होता. परंतु आपले खेळाडू अनवाणी खेळत म्हणून त्यांस मज्जाव झाला. नाहीं तर चषक त्याच वर्षीं घरीं आला असता! ही गोष्ट बाप मुलास सांगतो, मुलगा वर्गांतील सोबत्यास सांगतो, आणि सांगणाराचा आवाज दर खेपेस थोडा अधिक चढतो. आम्हींही ती लहानपणीं ऐकिली, खरी मानिली व पुष्कळ दिवस दुसऱ्यांस सांगितली. पुढें सामन्यांच्या तारखा व आंकडे जुळवून पाहूं लागलों तेव्हां तिचा एकेक टांका उसवूं लागला. तें कसें, हें या लेखांत मांडावयाचें आहे. वाचकांपैकीं कोणाचा हिरमोड झाल्यास आमचा नाइलाज आहे; परंतु जी हकीकत हातीं लागते ती दंतकथेहून कमी रसाळ नाहीं, एवढें आश्वासन आरंभींच देऊन ठेवितों.

फुटबॉल आपल्या देशांत आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. सिमल्यास १८८८ सालीं ड्यूरंड चषकाचे व मुंबईस १८९१ सालीं रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले, ते प्रथम लष्करी संघांसाठींच. एतद्देशीयांत या खेळाची गोडी पसरली ती मुख्यतः कलकत्त्याच्या शाळा-कॉलेजांतून. हेअर स्कूलचा विद्यार्थी नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी याचें नांव या बाबतींत अग्रभागीं घेतलें जातें. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकिली, तेव्हां त्यांच्या अकरा गड्यांपैकीं दहा अनवाणी होते. अकरावे सुधीर चटर्जी. त्यांच्या पायांत बूट होते, आणि हे गृहस्थ पुढें धर्मोपदेशक झाले. अनवाणी खेळण्यांत कांहीं व्रत नव्हतें, हें येथें ध्यानांत ठेवावें. बूट महाग, लहानपणापासूनची संवय उघड्या पायांची, शिवाय कोरड्या, कठीण जमिनीवर उघड्या पावलास चेंडूचा जो अंदाज येतो तो बुटांत येत नाहीं. चिखल झाला कीं मात्र तोच पाय घसरूं लागे.

साऱ्या देशाचा एक महासंघ १९३७ सालीं स्थापन झाला, आणि स्वातंत्र्यास वर्ष पुरें होण्यापूर्वींच आपला संघ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें उतरला. कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतील. कलकत्त्यास वैद्यक शिकत असतां ते मोहन बागानकडून खेळत. उद्घाटनाच्या संचलनांत स्वतंत्र भारताचा ध्वज त्यांच्याच हातीं होता. ३१ जुलै रोजीं लंडनजवळ इलफर्ड येथें फ्रान्सशीं गांठ पडली. फ्रान्सनें पहिला गोल केला. उत्तरार्धांत रामन यानें बरोबरी साधिली. आणि खेळ संपतां संपतां फ्रान्सनें दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकिला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, हें पाहून तेथील प्रेक्षकांस मोठें कौतुक वाटलें. याच सामन्यांत आपल्या संघास दोन पेनल्टी मिळाल्या होत्या व दोन्ही फुकट गेल्या. ही गोष्ट मात्र मैदानाच्या कडेचे आमचे कथेकरी कधीं सांगत नाहींत.

आतां १९५० कडे वळूं. त्या वर्षीं आशियाच्या गटांतून ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स यांनीं माघार घेतली, त्यामुळें एकही सामना न खेळतां भारताची जागा पक्की झाली. म्हणजे आमंत्रण मिळालें तें पराक्रमानें नव्हे. ब्राझिलच्या यजमानांनीं प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारीही दाखविली होती. तरी आपला महासंघ गेला नाहीं, आणि त्यानें स्वतः जीं कारणें दिलीं तीं अशीं : संघाच्या निवडीविषयीं मतभेद, व सरावास अपुरा वेळ. यामागें आणखी एक गोष्ट होती. त्या काळीं आपल्याकडे ऑलिंपिकची जी प्रतिष्ठा होती ती जागतिक चषकाची नव्हती. हे सामने किती थोर आहेत याची जाणीवच थोड्यांस होती. शैलेन मन्ना हे त्या वेळचे नामांकित बचावपटु. बुटांची सबब हें खरें कारण नव्हे, असें त्यांनींही पुढें सांगितलें. आणि त्यांच्या शब्दावर विसंबावयाचें नसेल, तरी साधा तर्क पुरे आहे. बुटांचा अडथळा इतका दुर्लंघ्य असता, तर दोनच वर्षांनीं, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी कसे उतरले?

राहिलें ‘चषक आपलाच होता’ हें. आपली गांठ ज्यांच्याशीं पडावयाची होती ते देश म्हणजे स्वीडन, इटली व पॅराग्वे. स्वीडन १९४८ चा ऑलिंपिक विजेता. इटलीनें १९३४ व १९३८ असे लागोपाठ दोन जागतिक चषक जिंकलेले. प्रत्यक्षांत स्वीडननें इटलीस ३-२ असें हरविलें व पुढें तिसरा क्रमांक मिळविला. आपले संघ तेव्हां घरीं सत्तर मिनिटांचे सामने खेळत. तेथें नव्वद मिनिटें धांवावें लागलें असतें. आम्ही पैज मारणारे नव्हे, परंतु या तिघांतून सुटून चषक घेऊन आलों असतों असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं.

मात्र एवढ्यावरून आपला संघ दुबळा होता असें कोणी समजूं नये. १९५१ च्या मार्चमध्यें दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने झाले, त्यांत मन्नांच्या नेतृत्वाखालीं आपल्या संघानें इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांस प्रत्येकीं ३-० असें हरविलें आणि अंतिम सामन्यांत साहू मेवालाल याच्या एकमेव गोलानें इराणवर विजय मिळवून सुवर्णपदक घेतलें. आशिया खंडांत भारत पहिला, हें तेव्हां सिद्ध झालें. आणि खंडाबाहेर? हेलसिंकीच्या गारठ्यांत युगोस्लाव्हियानें आपल्यावर दहा गोल चढविले. आपल्याकडून अहमद खान यानें एक केला. १०-१. हा आंकडा झांकून ठेवण्याजोगा नाहीं, कारण पुढचें सारें त्यांतूनच निघालें. यानंतर महासंघानें खेळाडूंस बूट घालणें सक्तीचें केलें. ज्या बुटांवरून आपण परक्यांवर रुसतों ते अशा रीतीनें आपल्याच लोकांनीं, आपल्याच ठेचेनें, पायांत घातले.

आतां ज्या पुरुषासाठीं हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतों. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, पेशा शिक्षकाचा. हैदराबादेस शाळेंत मुलांस शिकवितां शिकवितां ते फुटबॉल शिकवूं लागले, आणि ‘रहीमसाहेब’ ही त्यांची पदवी पुढें साऱ्या देशानें उचलली. त्यांच्या हाताखालचा हैदराबाद सिटी पोलीस संघ १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकीत गेला. तेव्हां कूपरेजच्या मैदानावर हे सामने पाहिलेले प्रेक्षक त्या खेळाची आठवण म्हातारपणापर्यंत सांगत. राष्ट्रीय संघाचे शिक्षकपदही १९५० पासून रहीम यांजकडे आलें. हेलसिंकीचा पराभव त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता, आणि त्यावरून रडत न बसतां त्यांनीं उजळणी घ्यावी तशी पहिल्यापासून सुरुवात केली. उजव्या पायाच्या मुलानें डाव्याच पायानें खेळावें, असे सामने ते भरवीत. चेंडू पायाशीं घोळवीत एकट्यानें धांवण्याची आपल्या खेळाडूंस मोठी हौस. रहीम यांनीं चेंडू आला कीं चटकन् सोबत्याकडे देण्याची शिस्त लाविली. आघाडीच्या मधल्या खेळाडूनें नेहमीं पुढेंच न राहतां मागें येऊन प्रतिपक्षाच्या बचावपटूस आपल्याबरोबर ओढावें, ही युरोपांतील नवी युक्ति त्यांनीं आपल्या मुलांच्या अंगवळणीं पाडिली. उत्तम शिक्षक व उत्तम क्रीडाशिक्षक यांत अंतर फार थोडें, हें आम्हांस त्यांच्या चरित्रावरून पटलें.

या शिकवणीचें फळ १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें दिसलें. पहिल्या फेरींत हंगेरीनें माघार घेतल्यामुळें आपणांस खेळावें लागलें नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु १ डिसेंबर रोजीं यजमान ऑस्ट्रेलियास त्यांच्याच भूमीवर ४-२ असें हरविलें, तें कांहीं दैवाचें देणें नव्हे. त्या चारांपैकीं तीन गोल नेव्हिल डिसोझा याचे. हा मूळचा गोमंतकीय, मुंबईस टाटांच्या संघाकडून खेळणारा. ऑलिंपिकच्या एका फुटबॉल सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई ठरला. उपांत्य सामन्यांत पुन्हां तोच युगोस्लाव्हिया समोर आला. चार वर्षांपूर्वीं ज्यांनीं दहा गोल केले होते त्यांच्यावर या वेळीं पहिला गोल चढविला तो भारतानें, म्हणजे पुन्हां डिसोझानेंच. शेवटीं सामना ४-१ असा गेला, व तिसऱ्या क्रमांकासाठीं बल्गेरियानेंही ३-० असें हरविलें. चौथा क्रमांक पदरीं पडला. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें तेवढी मजल त्यापूर्वीं कोणत्याही आशियाई देशानें मारली नव्हती. सर्वाधिक गोल करणाऱ्यांत चार गोलांसह डिसोझाचें नांव बरोबरीनें अग्रभागीं राहिलें. मुंबईच्या व गोव्याच्या किती मुलांस हें नांव ठाऊक आहे, हें आम्हीं एकदां विचारून पाहिलें. उत्तर येथें लिहिण्यासारखें नाहीं.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालीं फ्रान्सशीं १-१ अशी बरोबरी झाली आणि हंगेरीसारख्या बलाढ्य संघाकडून केवळ २-१ असा पराभव. त्यानंतर आपला संघ ऑलिंपिकच्या मैदानावर उतरलेला नाहीं.

१९६२ चे जाकार्ताचे आशियाई सामने मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहेत. इंडोनेशियानें इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंस येऊं दिलें नव्हतें; या अन्यायावर भारताचे प्रतिनिधि गु. द. सोंधी यांनीं बोट ठेविलें, आणि त्यामुळें शहरांतील जमाव आपल्या पथकावर चिडला. अशा वातावरणांत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा गमावला. पुढें थायलंडवर ४-१ असा जय मिळाला, परंतु जर्नेलसिंग या भक्कम बचावपटूच्या डोक्यास जखम होऊन टांके पडले. जपानला २-० नें हरविल्यावर उपांत्य सामन्यांत रहीम यांनीं एक धाडसी बेत केला. टांके पडलेल्या जर्नेलसिंगला बचावांत ठेवणें धोक्याचें. तेव्हां त्याला थेट आघाडीवर उभें केलें. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानें गोल केला व सामना ३-२ असा जिंकिला. ४ सप्टेंबर रोजीं अंतिम सामन्यांत पुन्हां दक्षिण कोरिया, आणि भोंवतीं सुमारें एक लाख प्रेक्षक, जवळ जवळ सारे विरुद्ध बाजूचे. गोलरक्षक पीटर थंगराज आजारांतून नुकताच उठून खेळत होता. सतराव्या मिनिटास बॅनर्जींनीं व विसाव्या मिनिटास जर्नेलसिंगनें गोल केला. कोरियास अखेरीअखेरीस एकच परतवितां आला. चुनी गोस्वामींच्या संघानें सुवर्णपदक घेतलें. त्या गर्दींत आपल्या बाजूनें ओरडणारे थोडे लोक होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघांतले, असें आपल्या खेळाडूंनीं पुढें सांगितलें आहे.

या सामन्यांच्या वेळीं रहीम यांस फुफ्फुसांचा कर्करोग झालेला होता. ११ जून १९६३ रोजीं त्यांचें निधन झालें.

त्यानंतरचा वृत्तांत लवकर आटोपतो. १९६४ च्या आशियाई चषकांत दुसरा क्रमांक मिळाला, पण अंतिम फेरींत संघच चार होते. १९७० सालीं बँकॉक येथें जपानला हरवून आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळविलें. तें आतांपर्यंतचें शेवटचें. दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धा आपण १९९३ पासून २०२३ पर्यंत नऊ वेळां जिंकल्या आहेत, आणि सुनील छेत्री यानें देशासाठीं ९५ गोल करून स्वतःपुरतें मोठें नांव केलें. पण ज्यांस आपण जाकार्तास हरविलें त्यांचें काय झालें, हें पाहिलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. जपाननें १९६० सालीं डेटमार क्रॅमर हा जर्मन शिक्षक आणविला, १९६५ सालीं राष्ट्रीय साखळी सामने सुरू केले, आणि १९६८ सालीं मेक्सिको ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. दक्षिण कोरिया २००२ सालीं जागतिक चषकाच्या उपांत्य फेरींत खेळला. आपली राष्ट्रीय साखळी सुरू झाली ती १९९६ सालीं, म्हणजे जपानच्या मागून एकतीस वर्षांनीं. या एकतीस वर्षांत रहीम यांच्यासारखा कोणी घडविला गेला नाहीं, आणि अनवाणी पायांची गोष्ट मात्र तेवढीच रंगत गेली.

२०२४ च्या जानेवारींत कतार येथें झालेल्या आशियाई चषकांत आपला संघ तिन्ही सामने हरला, व एकही गोल करूं शकला नाहीं. पुढच्या चषकाची पात्रता-फेरी चालू असतां १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं गोव्यांत फातोर्डा येथें सिंगापूरनें आपणांस २-१ असें हरविलें, आणि २०२७ च्या स्पर्धेचा मार्ग बंद झाला. त्या दिवशीं आपल्या अकराही खेळाडूंच्या पायांत उत्तम बूट होते.