कर्नलचा सोर्स आणायचा कुठून?

प्रश्न : लिनक्सवर वायफायचा ड्रायव्हर बसवताना ‘कर्नल सोर्स सापडत नाही’ असं येतं. हा सोर्स कुठे मिळतो आणि बसवायचा कसा?

उत्तर : तुमचं काम बहुधा त्याच्यावाचून भागेल. ड्रायव्हर कंपाइल करायला चालू कर्नलच्या हेडर फाइली पुरतात. डेबियन-उबुंटूवर ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज टाका. फक्त त्याची आवृत्ती ‘यूनेम’ आज्ञेत दिसणाऱ्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे. नव्वद टक्के घोळ इथेच होतो, असं माझं मत.

तरीही हौस असेल, तर कर्नल डॉट ऑर्गवर सगळा सोर्स फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्सची १९९१ची पहिली आवृत्ती जेमतेम १० हजार ओळींची होती, आता ३ कोटींच्या पुढे मजल गेलीय. संकुचित फाइल दीडशे एमबीच्या आसपास. कंपाइल करताना मात्र २०-२५ जीबी जागा मोकळी असू द्या. सोबतची सही तपासायचा कंटाळा करू नका. २०११मध्ये खुद्द कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती. आणि ही सही आतल्या ‘टार’ फाइलीवर असते, त्यामुळे ‘एक्सझेड’चं वेष्टण आधी काढावं लागतं. नाहीतर चांगली फाइलही खोटी ठरते!

फाइल स्वतःच्या होम फोल्डरमध्येच उलगडा. ‘यूएसआर’मधल्या ‘एसआरसी/लिनक्स’ला हात लावू नका, असं कर्नलवालेच सांगतात. ‘बूट’ फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल ‘डॉट कॉन्फिग’ नावानं उलगडलेल्या सोर्सच्या फोल्डरमध्ये आणून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा. वेळ वाचवायला ‘लोकलमॉडकॉन्फिग’ आहे, पण ते त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स ठेवतं. प्रिंटर तेव्हा जोडलेला नसला, तर त्याचा ड्रायव्हर गळू शकतो. उबुंटूची कॉन्फिग वापरल्यास सर्टिफिकेटची ‘पेम’ फाइल नाही म्हणून गाडी अडते. ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि ‘रिव्होकेशन कीज’ या दोन नोंदी रिकाम्या करा.

मग ‘मेक’. जुन्या लॅपटॉपवर यात दुपार जाते. रूटचा अधिकार लागतो तो शेवटीच : आधी ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’, मग ‘मेक इन्स्टॉल’. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेलं हे घरचं कर्नल सुरूच होणार नाही. एकतर त्यावर सही करा, नाहीतर बायोसमध्ये जाऊन ती सोय बंद करा. जुनं कर्नल इतक्यात काढू नका. नवं अडलं, तर ग्रबच्या यादीतून तेच निवडून मशीन चालू करता येतं.